ताईचं चाळीस नंबरचं ऑइल

निखिलचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभा होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी मला हलावंसं वाटेना. सगळं उरकून दुपारी ताईच्या देवळालीच्या घरी परतलो, तर आमच्या एका चुलतभावाने वर्तमानपत्रात द्यायच्या निवेदनाचा मजकूर तयार ठेवलेला. 'प्रेमळ, सोशिक आणि सात्त्विक वृत्तीच्या श्रीमती कुमुद...' मी त्याच्या खिशातलं पेन घेतलं आणि तिन्ही विशेषणं खोडली. "अरे, असंच लिहितात," तो म्हणाला. असंच लिहितात म्हणून तर खोडली. माझी बहीण प्रेमळ होती, पण त्याचा पत्ता ती कुणाला लागू देत नसे. सोशिक ती एक दिवसही नव्हती. आणि सात्त्विक म्हणावं, तर लग्नाकार्यातसुद्धा तिच्या नखांत काळं ऑइल असायचं आणि कुणी नाक मुरडलं की ती तोच हात पुढे करून त्यांच्या पानात जिलबी वाढायची.

आता दोन महिने होत आले. या पुरवणीत तिच्याविषयी लिहा म्हणून सांगितल्यावर मी आधीच कबूल करून घेतलं, की तिच्या आत्म्याला शांती लाभो वगैरे माझ्याकडून लिहून होणार नाही. शांतता तिला मानवत नसे. इंजिन शांत झालं, की ती आधी पाना शोधायची.

इंजिन तिच्या बुलेट मोटारसायकलचं. ती घरात आणली आमच्या मधुकर भाऊजींनी. ते देवळाली कॅम्पात एका लष्करी वर्कशॉपमध्ये मुलकी फिटर होते. तिथे मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्यात ही त्यांनी उचलली. हिरवा रंग, टाकीवर अर्धवट खरवडलेले पांढरे आकडे, आणि वयाने माझ्याहून थोडी मोठीच. निखिलचं बारसं आणि गाडीची पूजा एकाच आठवड्यात झाली, आणि बारशाला आलेल्या बायकांना भाऊजी आधी अंगणात नेऊन गाडी दाखवायचे, मग पाळणा. ताई चिडायची असं मला वाटायचं. पण ती त्याच वेळी गाडीपाशी वाकून काहीतरी बघत असायची. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिला कुठल्याही गोष्टीत 'का' विचारायची खोड होती. भाऊजी रविवारी ऑइल बदलायला बसले की ही शेजारी पाटावर. गरम असतानाच का काढायचं? काळं का पडतं? शाळेच्या प्रयोगशाळेतून फिल्टर पेपरचे तुकडे आणून त्यावर ती जुन्या ऑइलचा एकेक थेंब टाकायची आणि वाळल्यावर मधला डाग किती काळा आणि भोवतीचं कडं किती पसरलंय ते खिडकीपाशी धरून पाहायची. भाऊजी हसायचे. "आमची बाई इंजिनाची नाडी बघतेय," म्हणायचे. पण ऑइल कधी बदलायचं ते पुढे पुढे तिच्याच सांगण्यावरून ठरायला लागलं.

आणि कुठलं घालायचं, तेही. हे मला समजायला फार उशीर लागला, म्हणून इथे नीट सांगतो. नव्या ऑइलमध्ये आतली घाण धुऊन काढणारी रसायनं असतात. नव्या गाड्यांना ते चालतं, कारण धुतलेली घाण अडवायला त्यांत चांगला फिल्टर असतो. या म्हातारीच्या पोटात गाळणी म्हणून एक जाळी आणि एक नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, बस. लष्करात असल्यापासूनची घाण कोपऱ्याकोपऱ्यांत थर धरून बसलेली. ती बसलेली असते तोवर तिचा काही त्रास नाही. तिला उठवलं, तर ती जाऊन तेलाच्या बारीक वाटा बुजवते. म्हणून साधं, जाड, चाळीस नंबरचं ऑइल घालायचं आणि ते लवकर लवकर बदलत राहायचं. "धुणारं नको, चोपडणारं पाहिजे," हे ताईचं सूत्र. भाऊजींचं नव्हे, तिचं.

भाऊजी अचानक गेले, बसल्या जागी. ताई तेव्हा पन्नाशीच्या जरा पुढे. तेराव्याला जेवणं झाली आणि ओसरीवर पुरुषमंडळींत गाडीचा विषय निघाला. बाईमाणूस काय करणार, उभी राहून गंजेल, चांगलं गिऱ्हाईक आहे तोवर काढून टाका. असं बोलणाऱ्यांत मीही होतो. लपवायचं कशाला? मीच सगळ्यात मोठ्याने बोलत होतो, कारण मी सख्खा भाऊ. ताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिला गिऱ्हाईक नकोय. ऑइल हवंय. ह्यांच्या आजारपणात... म्हणजे आजारपण कुठलं, तुमच्या या येण्याजाण्यात राहून गेलंय." आणि तांब्या खाली ठेवून ती सगळ्यांच्या देखत चपला घालून बाहेर पडली.

नाशिकरोडच्या दुकानांत चाळीस नंबर मिळेना. सगळीकडे नवी, पातळ, रंगीत डब्यांतली ऑइलं. तिसऱ्या दिवशी ती मला घेऊन एसटीने दिंडोरीला गेली. तिथे द्राक्षवाल्यांच्या औषधफवारणीच्या पंपांचं आणि जुन्या इंजिनांचं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदार म्हातारा, कानाला कमी. ताईने नंबर सांगितल्यावर त्याने चष्मा कपाळावर घेतला. "लय दिसांनी मागितलं बघा कुणी. कोन्त्या इंजिनाला घालायचं?" ताईने सांगितलं. "मालक कुठंय?" त्याने माझ्याकडे पाहत विचारलं. "मालक गेले," ताई म्हणाली, "आता मी आहे. यात धुणारं औषध नाही ना काही?" म्हातारा आत गेला आणि पुढे मांडलेला डबा सोडून मागच्या फळीवरचा धूळ बसलेला डबा घेऊन आला. "त्यो नको. ह्यो न्या. ह्याच्यात काय बी भेसळ नाय." तेव्हापासून ती शेवटपर्यंत त्याच दुकानात गेली. आधी म्हाताऱ्याकडे, नंतर त्याच्या सुनेकडे.

किक मारायला शिकताना पहिलं वर्षभर तिची नडगी काळीनिळी असायची. शाळेत गाडीवरून जायला लागली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून विचारलं, हे आपल्या शाळेला शोभतं का? ताईने म्हणे शांतपणे सांगितलं, की नववीच्या पुस्तकात घर्षणाचा धडा आहे, मुलींना प्रत्यक्ष दाखवते. आणि खरंच दाखवला. अर्धा वर्ग मैदानात गाडीभोवती आणि बाई पाना घेऊन मध्ये.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. ताईला पासष्टावं लागणार होतं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, कचेरीत फायली हलवण्यात जन्म गेला, आणि बहिणीसाठी आयुष्यात एकदा काहीतरी दणदणीत करावं असं माझ्या मनाने घेतलं. शुक्रवारी मी "जरा चक्कर मारून आणतो" म्हणून बुलेट घेतली, ती थेट कॉलेज रोडच्या एका चकचकीत गॅरेजात. तिथे त्यांच्याकडचं सगळ्यात भारी ऑइल होतं ते घालायला सांगितलं. "काका, इंजिन आतून आरशासारखं होईल," तिथला माणूस म्हणाला. मला वाटलं, यापेक्षा चांगली भेट ती काय असणार! तिला सांगितलं नाही. रविवारी वाढदिवसाच्या जेवणावर सांगणार होतो, सगळ्यांसमोर, टाळ्या घेत.

शनिवारी ती इगतपुरीला मैत्रिणीकडे निघाली. घोटीच्या अलीकडे इंजिनातून आधी टकटक आणि मग एकदम करकचून आवाज आला. तिने क्लच दाबला म्हणून वाचली. मागचं चाक जाम होऊन ती हायवेवर पडली असती, तर हा लेख मी तेव्हाच लिहिला असता. रविवारी मी श्रीखंडाचा डबा घेऊन पोचलो तर गाडी ओसरीत आडोशाला, खाली परात, आणि परातीत काळा चिखल मिसळलेलं पातळ ऑइल. मला अजून काही कळलं नव्हतं. मी हसत हसत भेटीची बातमी सांगितली. ताई बोटावरचं ऑइल चिमटीत चोळत होती, ती थांबली.

"कधी घातलंस?"

"परवा. सगळ्यात भारी आहे, ताई..."

"अरू," ती म्हणाली, "इतकी वर्षं बसलेलं होतं सगळं. तू दोन दिवसांत उठवलंस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हात धुवायला आत गेली आणि चार महिने माझ्याशी बोलली नाही. दिवाळी गेली, भाऊबीज गेली. मी ओवाळून घ्यायला गेलो तर दार उघडलं, ताट आणलं, ओवाळलं, आणि एक शब्द नाही. तो अबोला मला फार लागला. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. एका जुन्या मोटारसायकलीपायी सख्ख्या भावाशी? पण तिच्या लेखी ती नुसती मोटारसायकल नव्हतीच. सगळ्यांनी 'तुला जमणार नाही' म्हणून सांगितलेली ती एकमेव गोष्ट होती जी तिने जमवून दाखवली होती, आणि आम्ही सगळे तिच्या फसण्याची वाट बघत असताना ती फसली ती तिच्या चुकीने नाही, माझ्या हौसेने.

सगळ्यांनी पुन्हा तेच सांगितलं: झालं, आता भंगारात द्या. तिने इंजिन उतरवलं. एक सुटा भाग जुन्या नाशकातल्या लेथवाल्याकडे नेला, त्यातला बुश, म्हणजे झिजलेलं आतलं कडं, नवा करून आणला, आणि बाकीचं ओसरीवर जुन्या साड्या अंथरून स्वतः मांडलं. एक दिवस तिचा फोन आला. "सतारीची बारीक तार मिळाली तर घेऊन ये." मी शहरभर हिंडून आणली. ती तार माझ्या हातात देऊन तिने रॉकेलचा डबा पुढे सरकवला आणि तेल ज्या ज्या वाटांनी इंजिनात फिरतं ती एकेक वाट मला साफ करायला लावली. दोन दिवस मी ओसरीवर मांडी घालून तेच करत होतो. ती मध्ये मध्ये येऊन वाटेत फुंकर मारून बघायची. "अजून आहे," म्हणायची. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही आणि नंतरही नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने न विचारता माझं पान वाढलं, आणि मला रडू आलं ते मी रॉकेलच्या वासावर ढकललं.

इंजिन सुरू झालं. आणि गिऱ्हाइकं पुन्हा यायला लागली, कारण जुन्या गाड्यांची आता फॅशन झाली आहे. त्यात दिंडोरीकडचे एक वायनरीवाले होते. माणूस सज्जन, बोलणं मधाळ. त्यांना ती गाडी वायनरीत पाहुणे जिथे बसून चव घेतात त्या दालनात, लाकडी पिंपांशेजारी, दिव्याच्या झोतात उभी करायची होती. ताईने त्यांना चहा दिला आणि विचारलं, "चालवणार कोण?"

"चालवायची नाही, मॅडम. डिस्प्ले. ऑइल वगैरे सगळं काढून टाकू आपण, म्हणजे फ्लोअरवर डाग नको."

ताई उठली आणि त्यांचा अर्धा उरलेला कप उचलून आत घेऊन गेली. ते बिचारे बराच वेळ बाई परत येतील म्हणून बसून होते.

मग तिचा आजार. मधल्या काळात गुडघे गेले होते, किक मला मारावी लागायची, पण ऑइलला तिने मला हात लावू दिला नाही. दवाखान्यात दाखल व्हायच्या आधीच्या रविवारी ती भिंतीला धरत धरत ओसरीवर आली आणि पाटावर बसली. मी म्हणालो, मी करतो, तू सांग. "तू टॉर्च धर," म्हणाली. "सकाळचं ऊन आहे, टॉर्च कशाला?" "मग नुसता उभा राहा." तळाचा नट तिने दोन्ही हातांनी जोर लावून फिरवला आणि मी नुसता उभा राहिलो. त्या अर्ध्या तासात मला जेवढी तिची काळजी वाटली तेवढीच तिची किंमत कळली, आणि तेही तिला सांगायचं राहिलं.

ती गेल्यावर निखिलने वायनरीवाल्यांना होकार कळवला. पुढल्या रविवारी टेम्पो यायचा होता. निखिल वाईट मुलगा नाही. तो पुण्याला असतो, आणि इथे आल्यावर ओसरीवर ती गाडी बघितली की त्याला आई पाटावर बसलेली दिसते, आणि ते त्याला सोसत नाही. हे सगळं मला समजत होतं, तरी मी त्या रविवारी सकाळीच जाऊन गाडीसमोर खुर्ची टाकून बसलो. देणार नाही म्हटलं. त्याने समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी म्हणाला, "मामा, तू तर बोलूच नकोस. तिचं इंजिन तूच खाल्लं होतंस."

"मीच खाल्लं," मी म्हणालो. "म्हणून मला माहिती आहे कोरड्या इंजिनाचं काय होतं. तुला द्यायची तर दे. पण चालती गाडी दे. ते ऑइल काढून तिला त्या पिंपांशेजारी उभी करणार असतील, तर आधी मला उचलून टेम्पोत टाक."

त्याने गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "चालू तरी होते का ती? तीन महिने झाले." मी उठलो. बाराव्या की चौदाव्या किकला ती धरली, आणि तो आवाज ओसरीत भरला तेव्हा निखिल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दहा मिनिटं चालू ठेवली, इंजिन चांगलं तापलं, मग बंद केली आणि परात खाली सरकवून मी नट सोडायला बसलो. तेवढ्यात तो माझ्या शेजारी येऊन खाली टेकला.

"मामा, हे तिने घातलेलं आहे ना? त्या रविवारी..."

माझा पाना थांबला. मला हे सुचलंच नव्हतं. तिच्या हाताने घातलेलं शेवटचं ऑइल आत होतं आणि ते मी ओतून टाकायला निघालो होतो.

"थोडं ठेवू या?" तो म्हणाला. "एका बाटलीत."

मला ते त्याच्याहून जास्त हवं होतं, हे इथे कबूल करतो. घरात रिकामी बाटली कुठे असेल तेही मनात येऊन गेलं. पण मी परातीकडे बघितलं, आणि ती असती तर दोघांना कसं हाकललं असतं ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी नट सोडला. "नको," मी म्हणालो. "गरम आहे तोवर सगळं निघू दे." काळं, वाफाळतं ऑइल परातीत पडत राहिलं आणि आम्ही दोघंही शेवटचा थेंब सुटेपर्यंत वाकून बघत राहिलो. मग मी दिंडोरीचा डबा फोडला. निखिलने नरसाळं धरलं. त्याचे हात कोपरापर्यंत बरबटले होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायची सोय नव्हती, म्हणून ते तसंच वाहत होतं. या खेपेला तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. वरचा छोटा नट त्याने जरासा सैल केला, तेल वरपर्यंत चढतंय का बघायला. "आलं," म्हणाला. "मामा, आलं वर."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वायनरीवाले. हात ऑइलने भरलेले, म्हणून त्याने मानेनेच मला खूण केली आणि मी फोन त्याच्या कानाला लावला. इंजिन चालूच होतं. पलीकडून ते टेम्पो कधी पाठवू म्हणून विचारत असावेत. निखिलने इंजिनाच्या वर आवाज काढून सांगितलं, "टेम्पो नका पाठवू. गाडी चालतेय!"